दारातला चिमटा

दार लावून घे रे, वारं आत येतंय. किटलीत कॉफी आहे, ओतून घ्या. शेगडीत एक ओंडका सरकवा... हं. आता बसा.

एलियास, मघाशी धक्क्यावर तू हसलास. मी तुम्हा चौघांच्या हातात एकेक लाकडी चिमटा दिला, कपडे वाळत घालायचा, आणि म्हटलं की यावर आपापली खूण करून ठेवा. तर तू म्हणालास, "रूनारकाका, आम्ही बुडी मारायला आलोय, धुणं वाळत घालायला नाही." विनोद बरा होता, मीही हसलो. पण चिमटा नाही तर उद्या बुडीही नाही असं म्हटल्यावर तुम्ही एकमेकांकडे जे बघितलंत ना, ते मला दिसलं. म्हातारा चळला, असंच ना? चाळीस वर्षं बुडी मारणाऱ्यांना बोटीतून नेतोय मी. अजून चळलेलो नाही.

आता गोष्ट सांगतो. माझ्या ओळखीच्या माणसाची आहे. याच बेटावर राहतो तो, सकाळी दुकानात ब्रेड घ्यायला येतो. उद्या कदाचित दिसेलही. त्याला काही विचारू नका.

तुम्ही उद्या ज्या जहाजावर उतरणार आहात त्याला आम्ही 'म्हातारी' म्हणतो. खरं नाव कोणाला ठाऊक नाही. अडीचशे वर्षं झाली बुडून. अडतीस मीटरवर सरळ उभी आहे, दोन्ही डोलकाठ्यांसकट. दुसऱ्या समुद्रात लाकूड किडा खाऊन टाकतो. आमच्या पाण्यात मीठ कमी, त्यामुळे तो किडा नाही. आणि थंडी. मागच्या खोलीत बशा अजून एकावर एक रचलेल्या आहेत. कोणा खलाशाचे लाकडी बूट जिन्याखाली जोडीने ठेवलेत, आत्ताच काढून ठेवल्यासारखे. आमच्या पाण्यात काही कुजत नाही. हे वाक्य पर्यटकांना सांगताना मी पूर्वी फार खुशीत असायचो.

तर... तारीख सांगतो. शनिवार, पाच नोव्हेंबर, दोन हजार अकरा. सर्व संतांचा दिवस. त्या संध्याकाळी जो तो आपल्या माणसांच्या थडग्यावर मेणबत्ती लावून येतो. आमच्या चर्चचं आवार तुम्ही त्या दिवशी बघा कधीतरी. बर्फ नसलं तरी उजेड पडतो इतक्या मेणबत्त्या.

माझ्या शेजारी गुनेल राहते. नवरा लवकर गेला, दोन मुलगे तिने एकटीने वाढवले. थोरला हॉकान, धाकटा सिक्स्टन. दोघंही बुडी मारण्यात पटाईत, दोघंही माझ्याच बोटीवर तयार झालेले. त्यातला हॉकान त्याच्या तीन वर्षं आधी म्हातारीच्या पोटात राहिला. तटरक्षक दलाचे लोक चार दिवस शोधत होते. आत गाळ इतका की बॅटरीचा उजेड स्वतःच्या नाकापर्यंत पोचत नव्हता. सापडला नाही. मग एक दिवस ते लोक गेले, आणि गुनेलकडे मेणबत्ती लावायला थडगं राहिलं नाही.

म्हणून दर वर्षी ती माझ्याकडे मेणबत्ती द्यायची. लाल काचेतली, दोन दिवस जळते ती. मी ती बोटीतून न्यायची, म्हातारीच्या बरोबर वर बोट उभी करायची, मागच्या बाजूला मेणबत्ती लावून तासभर थांबायचं आणि परत यायचं. ती स्वतः यायची नाही. हॉकान गेल्यापासून तिने बोटीत पाय ठेवला नव्हता.

त्या शनिवारी दुपारी दोनला मी मेणबत्ती घ्यायला गेलो. तिने मेणबत्ती दिली, वेलचीचे पाव बांधून दिले आणि सांगितलं की या वर्षी सिक्स्टनही तुझ्याबरोबर येतोय, त्याला वेळेवर परत आण.

"सातला ताटं घेते मी," म्हणाली. "तीन."

त्या दिवशी ती हॉकानचंही ताट घ्यायची. आम्हाला सवय होती, कोणी काही बोलायचं नाही.

धक्क्यावर जाऊन बघतो तर सिक्स्टन पाणी आत न शिरणारा कोरडा सूट अंगावर चढवून बसलेला. शेजारी पाठीवरचे दोन सिलिंडर, बॅटऱ्या, सगळा जामानिमा. तीन वर्षांत हा पाण्याजवळ फिरकला नव्हता. मी विचारलं, आईला माहीत आहे का. नाही म्हणाला. मी म्हटलं, मग उतरव ते सगळं, मेणबत्ती लावायला सिलिंडर लागत नाहीत.

तो म्हणाला, "चला काका. वाटेत सांगतो."

आणि मी गेलो. माझं चुकलं. पण त्याचा चेहरा बघून मला नाही म्हणवलं नाही.

आता चिमट्यांचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. आमच्याकडे जुनी पद्धत अशी. जहाजाच्या आत शिरायचं तर दाराशी बारीक दोरी बांधायची आणि ती सोडत सोडत आत जायचं. गाळ उठला, डोळ्यांपुढे काळोख झाला, तर ती दोरी चाचपत बाहेर यायचं. आत शिरताना दारातल्या दोरीवर प्रत्येकाने आपला चिमटा लावायचा, बाहेर पडताना आपला काढून घ्यायचा. ज्याचा चिमटा त्यानेच काढायचा. शेवटचा माणूस दोरी गुंडाळत येतो, तो दारात थांबून बघतो. एखादा चिमटा लटकतोय म्हणजे माणूस आत आहे. मग काहीही होवो, दोरी काढायची नाही, परत आत न्यायची. एवढंच. शेंबड्या पोरालाही कळेल.

या दोघांचे चिमटे गुनेलच्या दोरीवरून पळवलेले. लहानपणापासून पळवायचे, आणि ती ओरडायची की माझी पांघरुणं वाऱ्यावर जातात तुमच्यापायी. तापवलेल्या खिळ्याने खुणा केलेल्या. हॉकानचे तीन ठिपके, सिक्स्टनची फुली.

अर्ध्या वाटेत सिक्स्टनने खिशातून तंबाखूची गोल डबी काढली. आत तंबाखू नव्हती. चिमटा होता. तीन ठिपक्यांचा.

मी इंजिन बंद केलं.

हॉकान गेला तेव्हा सिक्स्टनने सगळ्यांना सांगितलं होतं की दारात हॉकानचा चिमटा नव्हता, म्हणून मला वाटलं तो वर गेला. पोलिसांना हेच सांगितलं, आईला हेच, मलाही हेच. आणि आता ती डबी माझ्यापुढे धरून तो खरं काय ते सांगत होता. त्या दिवशी आत गाळ उठला. परत फिरताना हॉकान पुढे होता, तो बाहेर पडला असणार असं याला वाटलं. हा दोरी गुंडाळत दारापर्यंत आला. पाणी तीन डिग्री, हातात ते तीन बोटांचे जाड हातमोजे, बोटं बधिर. दारात हात घातला, चिमटा हाताला लागला, ओढला, मुठीत धरला आणि वर निघाला. बघितलं नाही. वर आल्यावर मूठ उघडली तर आत दोन चिमटे.

"दोन होते काका," म्हणाला. "मी दोन्ही काढले. दोरी पण काढली."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, इतका राग आला की त्याला तिथेच पाण्यात ढकलावं असं वाटलं. तीन वर्षं ती बाई मला विचारत होती, रूनार, माझा हॉकान एवढा हुशार, तो चिमटा लावायला कसा विसरला? तीन वर्षं तिने मेलेल्या पोराला वेंधळा ठरवलं होतं. आणि हा मूग गिळून शेजारी बसायचा.

मी म्हटलं, बोट वळवतो. आईसमोर चल.

"आज सांगतो," तो म्हणाला. "ताटावर बसल्यावर सांगतो, शपथ. पण आधी मला खाली जाऊ द्या. दोरी लावून येतो, चिमटा जागेवर ठेवून येतो. ज्याचा आहे त्याने काढायचा असतो ना?"

मी त्याला म्हटलं की तो मेलाय, आता कोण काढणार. सिक्स्टनने डबी बंद करून खिशात ठेवली.

तुम्ही असता तर काय केलं असतं? मी परत इंजिन चालू केलं.

पावणेचारला आम्ही पोचलो. वारा पडला होता. पाण्यावर सुरकुती नाही. म्हातारीच्या डेकवर आमचा कायमचा जाड दोर बांधलेला आहे, वर त्याला तरंगतं पिंप लावलंय. तो दोर मी बोटीला घेतला आणि मागे मेणबत्ती लावली. आमचे इशारे ठरलेले. खाली डेकवर पोचला की दोराला एक हिसका. वर यायला निघाला की दोन. सहा मीटरवर दोराला लाल पट्टी आहे, तिथे धरून थांबायचं, दाबाने अंगात मुरलेली हवा हळूहळू निघू द्यायची, मग वर. मी दोर हातात धरून बसतो. नुसता बांधून ठेवत नाही. हातात असला की खालच्या माणसाचं सगळं कळतं. लाल पट्टीपाशी माणूस थांबला की त्याच्या श्वासाबरोबर दोर किंचित वर होतो, किंचित खाली. वर... खाली. झोपलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवावा तसं.

तीन पंचावन्नला सिक्स्टन उतरला. चार वाजायला एक मिनिट असताना एक हिसका आला. मी घड्याळ बघत बसलो. सूर्य बुडाला. एवढ्याशा मेणबत्तीचा लाल उजेड पाण्यावर हलत होता. चार अठराला दोन हिसके आले आणि माझा जीव भांड्यात पडला. मग लाल पट्टीपाशी तो थांबला. दोर वर... खाली... वर... खाली. पाण्यावर बुडबुडे फुटत होते. चार छत्तीसला शिडीवर त्याचा हात आला.

मी त्याला वर ओढून घेतलं, सिलिंडर उतरवले, गरम कॉफी दिली. दातावर दात आपटत होते त्याचे. पण चेहरा मोकळा होता, तीन वर्षांत पहिल्यांदा. सांगत होता की दोरी मागच्या खोलीपर्यंत नेऊन पक्की बांधली. आत काही दिसलं नाही, नुसता गाळ. आत जाताना दारात दोन्ही चिमटे शेजारी शेजारी लावले, दादाचा आणि माझा. येताना माझा काढून घेतला.

"बघून काढलास ना?" मी विचारलं.

मी ते सहज विचारलं. खरंच सहज.

त्याचा कप तोंडापाशी थांबला. मग त्याने तो खाली ठेवला. मांडीवरच्या खिशाचं बटण त्याला उघडेना, मी उघडून दिलं. त्याने चिमटा बाहेर काढला आणि मेणबत्तीपाशी धरला.

तीन ठिपके.

परत तेच. तेच हातमोजे, तीच बधिर बोटं. याने परत हॉकानचा चिमटा काढून आणला होता. आणि खाली अडतीस मीटरवर, म्हातारीच्या दारात... फुली लटकत होती.

समजतंय ना याचा अर्थ? दारात बघणारा कोणीही काय म्हणेल? सिक्स्टन आत आहे.

तो म्हणाला, मला परत जायला हवं. मी म्हटलं, गप बस. सिलिंडरमध्ये हवा किती उरली ते बघ, आणि आत्ताच वर आलास, लगेच गेलास तर मरशील. लाकडाचा चिमटा आहे, राहू दे तिथे, उन्हाळ्यात कोणीतरी आणेल. माझा उजवा हात दोरावर होता. सवयीने. खाली कोणी नसताना दोर हातात धरायचं काही कारण नव्हतं.

चार बावन्न झाले होते.

दोराला हिसका बसला.

मग अजून एक.

दोन.

मी सिक्स्टनकडे बघितलं. त्याचे दोन्ही हात कपाभोवती. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला कळलं. 

तुम्ही म्हणाल प्रवाह असेल. मासा असेल. चाळीस वर्षं दोर धरतोय बाबांनो. प्रवाहाने दोर थरथरतो. मासा टक्कर मारतो. हिसका माणूस मारतो. दोन हिसके म्हणजे, निघालो. वर येतोय.

चार पंचावन्न. दोर ताठ होत गेला. हळूहळू. कोणीतरी हातावर हात टाकत चढावं तसा एकेक हिस्सा जड होत होता. मी सोडून द्यायला हवा होता. सुटत नव्हता हातातून.

पाच वाजले.

सिक्स्टन बोटीच्या कडेशी जाऊन वाकला. बॅटरी खाली सोडली त्याने. मी त्याला म्हटलं, बघू नकोस. तो म्हणाला,

"दादा आहे काका."

पाच वाजून चार मिनिटं. दोर जड व्हायचा थांबला. कोण कुठे थांबलंय ते मला बघावं लागलं नाही. लाल पट्टी. सहा मीटर. जिथे थांबायचं असतं तिथेच थांबला होता तो, शिकवल्याप्रमाणे. मीच शिकवलं होतं.

मी वाट बघितली. दोर वर जायची. खाली जायची.

नाही.

तेवढाच जड. एका जागी. श्वास नाही...

पाण्यावर एक बुडबुडा नाही.

"हातमोजा दिसतोय," सिक्स्टन म्हणाला. "पट्टीवर. तीन बोटांचा..."



मी बघितलं नाही. देवाशपथ मी खाली बघितलं नाही. आमच्या पाण्यात काही कुजत नाही हे मला माहीत होतं, आणि ते पुढे लाल पट्टी सोडून वर येणार, शिडीवर हात टाकणार, मेणबत्तीच्या उजेडात येणार...  मासळी कापायची सुरी शेजारीच असते.

सिक्स्टन म्हणाला, "थांबा काका. वर येऊ द्या त्याला."

मी दोर कापला.

बोट एकदम उचलली गेली. मागची मेणबत्ती आडवी झाली, विझली. मी इंजिन चालू केलं आणि मागे न बघता घर गाठलं.  धक्क्यावर उतरताना मी त्याला एवढंच म्हटलं की आईला सांगायचं कबूल केलंयस. त्याने मान हलवली.

पण सांगितलं नाही. माझ्या स्वयंपाकघरातून त्यांची खिडकी दिसते. सात वाजता तिघांची ताटं मांडलेली होती, तळलेली मासळी, बटाटे. तो खाली मान घालून जेवत होता. गुनेल बोलत होती. नऊला दिवा मालवला गेला. त्या रात्री पारा शून्याच्या खाली चार गेला. मला झोप आली नाही, आणि मी दाराची कडी दोनदा तपासली. हसायचं तर हसा.

सकाळी साडेसातला गुनेलने मला हाक मारली. ओरडली नाही, नुसती हाक. अंगणात उभी होती ती, गाऊनवर नवऱ्याचा जुना कोट घालून.

तुम्ही तिचं अंगण बघितलंय, येताना डाव्या हाताला. दोन खांब आहेत आणि मध्ये कपडे वाळत घालायची तार. हिवाळ्यात ती रिकामी असते. गवत हिमाने पांढरं पडलेलं, त्यावर तिच्या एकटीच्या पावलांचे ठसे, दारापासून तारेपर्यंत. दुसरा एक ठसा नाही.

तारेवर एक चिमटा होता.

मी जवळ गेलो. फुली.

"हा इथे कोणी लावला?" तिने विचारलं. "या दोघांनी जन्मभर माझे चिमटे पळवले. परत आणून लावलेला हा पहिलाच."

मागे दार वाजलं. सिक्स्टन बाहेर आला होता, अनवाणी. त्याने तारेकडे बघितलं.  मग खिशातून ती डबी काढली, उघडून आईपुढे धरली, आणि तिथेच हिमात उभा राहून सगळं सांगितलं. त्या दिवशीची मूठ. दोन चिमटे. गुंडाळलेली दोरी. काल कोणता चिमटा आणला, कोणता दारात राहिला. काही लपवलं नाही, स्वतःला सोडलं नाही.

मला वाटलं, आता ती त्याला मारेल, किंवा कोसळेल. तिने डबीतला चिमटा उचलला. तीन ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. आपला मुलगा विसरला नव्हता, लावला होता त्याने चिमटा, हे तिला तीन वर्षांनी कळत होतं. मग तो तिने तारेवर लावला, फुलीच्या शेजारी.

"म्हणजे काल रात्री दारात तुझा चिमटा होता," ती म्हणाली.

"हो."

"तू बघितला नव्हतास त्याचा." तिने फुलीकडे बघितलं. "त्याने तुझा बघितला."

सिक्स्टन तिच्या पायाशी बसला. मोठा पुरुष, तिशीचा. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही आणि पाय काढून घ्यायला मागेही सरली नाही. तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे वळली.

"वर आला असेल ना रे तो, रूनार? दोर धरूनच आला असेल. मग तुम्हाला भेटला कसा नाही?"

सिक्स्टनने मान वर केली नाही. दोर कापल्याचं त्याने तेवढं सांगितलं नव्हतं. त्याने आपलं सांगितलं होतं, माझं माझ्यासाठी ठेवलं होतं. मी तोंड उघडलं. म्हटलं, अंधार होता गुनेल. आम्ही लवकर निघालो.

बारा वर्षं झाली. ती आता एक्याऐंशीची आहे, दर नोव्हेंबरला अजून लाल मेणबत्ती देते, मी नेतो. अजून तिला सांगितलेलं नाही. सिक्स्टनला शिव्या देताना मी किती शहाणा होतो ते तुम्ही ऐकलंतच. आज तुम्हाला सांगितलं. ती जिवंत आहे तोवर तिलाही सांगायला हवं.

तर चिमटे नीट लावा उद्या. आणि काढताना हातमोजा डोळ्यांसमोर धरून बघा.

अजून एक राहिलं. त्या सकाळी हॉकानचा चिमटा कोरडा होता, रात्रभर डबीत असल्यासारखा. फुलीचा ओला होता. शून्याखाली चार, तार गोठलेली, आणि त्यातून थेंब पडत होता. गुनेलने खाली तळहात धरला. थेंब पडला. थोड्या वेळाने दुसरा. मी माझ्या खिडकीतून बघत होतो, ती स्टूल घेऊन तिथे बसली होती. तुम्ही मघाशी हातात धरला होता तेवढाच लाकडाचा तुकडा. दुपारी बारापर्यंत गळत होता.